नानांची तब्येत आणि धनराजची सुट्टी

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमची कंपनी उत्तर सीमेवर, बर्फातल्या तीन पोस्टवर तैनात होती. मी नायब सुभेदार होतो. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी. वडील पाचोऱ्याला हमाली करायचे, त्यांना सही येत नव्हती. पदवी घेऊन पोरगा शिपाई झाला म्हणून लोक हसले. हसू देत. त्या पदवीमुळेच कंपनीतली लिखापढी माझ्याकडे आली. कोणाला सुट्टीवर सोडायचं याची शिफारस मी करायचो आणि मेजर साहेब सही करायचे.

पोस्टवरचं जगणं रोजचं एकच. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज उभं राहायचं, मग फावड्याने बर्फ काढायचा. स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करायचं. हवामान बरं असलं की खालच्या पोस्टवरून लिंक पेट्रोल, म्हणजे दोन पोस्टमधली गस्त, वर यायची आणि रसद टाकून परत जायची.

कंपनीत खानदेशातले आम्ही दोघेच. दुसरा लान्स नाईक धनराज, धुळ्याजवळच्या सोनगीरचा. त्याचं लग्न व्हायचं होतं. आई नव्हती. थोरली बहीण धुळ्यात दिलेली. गावी बाप एकटा. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं.

आदल्या दिवाळीत मी सुट्टीवर होतो. धनराजने बापासाठी लोकरी बंडी दिली होती, ती द्यायला सोनगीरला गेलो. घराला नुसती कडी. शेजारीण म्हणाली, नाना गावच्या किल्ल्यावर शेळ्या घेऊन गेलेत. मी चढायला लागलो. निम्म्या वाटेत नाना भेटले. सत्तरी ओलांडलेला माणूस, डोक्यावर गवताचा भारा, पुढे चार शेळ्या. मला धाप लागलेली पाहून थांबले.

"फौजमा तुम्ही नुसता बठी ऱ्हातस का, सुभेदार?"

घरी त्यांनी स्वतः चूल पेटवली, बाजरीची भाकर थापली, वर ठेचा. त्यांचं रोजचं असंच होतं. पहाटे उठायचं, विहिरीचं पाणी स्वतः शेंदायचं, कपडे स्वतः धुवायचे, किल्ला चढून यायचं आणि दिवेलागणीला जेवून मोकळं व्हायचं. बहीण धुळ्याला चला म्हणून मागे लागायची. नाना म्हणायचे, पोरीच्या दारात बसून पाय आखडतात. निघताना मला म्हणाले, "धनराजले सांगा, बाप ठनठनीत शे. मना घोर नको करू म्हना."

पोस्टवर परतल्यावर मी ते जसंच्या तसं सांगितलं. धनराज खूश झाला. मीही कंपनीत सगळ्यांना सांगत सुटलो, खानदेशचा म्हातारा बघा.

फेब्रुवारीत सुट्टीची एकच जागा निघाली. पाळी धनराजची होती. त्याच सुमारास साताऱ्याकडच्या एका शिपायाच्या वडिलांना अर्धांगवायू झाल्याचं कळलं. मी धनराजला बोलावलं.

"धनराज, तू एप्रिलमध्ये जा. त्याला आता सोडतो."

"साहेब, पाळी माझी आहे."

"तुझा बाप किल्ला चढतो रे. त्याचा बाप कुशीवर वळत नाही."

तो हसला.

"नाना एकदा तरी आजारी पडायला पाहिजे होते साहेब. त्यांच्या तब्येतीने माझी सुट्टी खाल्ली."

"जाणार का एप्रिलला?"

"जातो. साहेबांनी सांगितल्यावर काय बोलणार."

मी शिफारस बदलली. साताऱ्याचा पोरगा उतरला. नंतर कळलं, तो घरी पोचल्यावर वडील आठवडाभर होते. म्हणजे निर्णय चुकला असं कोणी म्हणणार नाही. कोणी म्हटलंही नाही.

मार्चच्या सुरुवातीला दोन दिवस बर्फ पडला आणि तिसऱ्या दिवशी ऊन निघालं. लिंक पेट्रोल सकाळी निघाली. पाच जण, कमांडर धनराज. मी वरच्या पोस्टवर रेडिओ सेटजवळ होतो. उन्हं वर आल्यावर नाल्याकडून आवाज आला, दूरवर ट्रक रिकामा करावा तसा. मी सेटवरून पेट्रोलला हाक मारली.

"ब्राव्हो, ब्राव्हो, रिपोर्ट करो. ओव्हर."

उत्तर नाही. तीनदा विचारलं. मग आवाज आला. सेट धनराजचा होता, आवाज दुसऱ्याचा.

"साहब, स्लाइड आया है. चार ओके. एक मिसिंग. ओव्हर."

"कौन मिसिंग? ओव्हर."

"धनराज उस्ताद, साहब. सेट हमको पकड़ाके आगे रास्ता देखने गया था."

आम्ही दोर आणि फावडी घेऊन उतरलो. काळोख पडेपर्यंत कोसळलेला बर्फ खणला. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. पार्थिवासोबत गावी एक हवालदार गेला. मला पोस्ट सोडता आली नाही.

एप्रिलच्या शेवटी मी सुट्टीवर आलो. जळगावला मेहरूणमध्ये घरी एक रात्र काढली आणि सोनगीर गाठलं. दार अक्काने, म्हणजे धनराजच्या बहिणीने उघडलं.

"मार्चपासून अंथरूण धरलंय नानांनी. डॉक्टर म्हणतो दुखणं काही नाही. शेळ्या विकल्या. पायाचं नुसतं लाकूड झालंय. आखाजीचा सण झाला की धुळ्याला नेते आणि इथे कुलूप लावते."

नाना खाटेवर होते. मला पाहिलं तरी उठले नाहीत. पडूनच बोलले.

"सुभेदार, पाळी त्यानी व्हती ना?"

मी हो म्हणालो. हवालदाराच्या तोंडून त्यांना कळलं असावं.

"मी आजारी ऱ्हातू, तं त्याले धाडतात का तुम्ही?"

अक्का माझ्याकडे पाहत होती. नाही म्हण, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मीही वाटेत तसंच ठरवलं होतं. पण त्या माणसासमोर नाही म्हणायला जीभ वळली नाही.

"धाडलं असतं, नाना."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. अक्का मला बाहेर घेऊन आली.

"हे बोलायला आलात का एवढ्या लांबून?"

रात्री मी तिथेच ओसरीवर पडलो.

दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने नवी घागर पाण्याने भरून पुजतात. मुलगा बापाची घागर भरतो. धनराजला मागे कोणी नाही म्हणून अक्काने ती मला भरायला सांगितली. मी घागर उचलली तेवढ्यात आतून आवाज आला.

"ठेव ती खाले. बाप मी शे."

नाना उठून बसले होते. खाटेची कड धरून उभे राहिले. मी पुढे झालो.

"हात नका लावू."

विहीर घरापासून हाकेच्या अंतरावर. नाना भिंतीला धरत गेले, तीन ठिकाणी टेकले. पाणी स्वतः शेंदलं. खांद्यावर घागर घेतली तर निम्मं पाणी अंगावर सांडलं. अक्का रडत म्हणाली, "राहू द्या ना नाना, निम्मी पुरे." ते माघारी वळले, पुन्हा भरली आणि काठोकाठ घरी आणली. पूजा झाल्यावर तिला म्हणाले, "तू जाय धुळे. मी आठेच शे." घराला कुलूप लागलं नाही.

त्यांना मी काही शिकवलं नाही. पडलेल्या पायांना कामच उठवतं, हे फौजेत पाहिलं होतं, पण सांगायची हिंमत नव्हती. ते आपले रोज विहिरीपर्यंत गेले, मग वेशीपर्यंत. दिवाळीत गेलो तेव्हा दारात दोन शेळ्या होत्या. पुढे ऐंशी ओलांडून जगले. शेवटपर्यंत आपली भाकर आपण भाजली. माझ्याशी नीट वागले, पण तब्येत कशी आहे असं मी विचारलं की उत्तर देत नसत. मग मी विचारणं सोडलं.

आता मीही सत्तरी ओलांडली आहे. रोज मेहरूणच्या तलावावर फिरतो, भाजी आणतो, कोणावर ओझं नाही. बरोबरची मंडळी कौतुक करतात, तरुणांना माझं उदाहरण देतात. मला ते नीट ऐकवत नाही. धनराज सव्वीस वर्षांचा होता. गुडघे दुखणं, चष्मा लागणं, केस पिकणं, यातलं काहीच त्याच्या वाट्याला आलं नाही.