खोकल्यावर सुटणारी ठेंगू

परदेशी प्रशिक्षणामुळे आमची धावपटू ठेंगू घडली, असं पेपरात छापून आलं. छापणाऱ्याला मी फोनवर चांगलंच झापलं. ठेंगू घडली ती कॉलेजच्या शिपायाच्या हाताखाली, आणि बिघडली ती त्याच्या खोकल्यापायी. मी तिचा सख्खा मामा आहे, ऐकीव सांगत नाही.

कॉलेजला मैदान होतं, पण शर्यत सोडायचा बार काढायला पिस्तूल नव्हतं. त्यासाठी मी प्राचार्यांच्या दाराशी चार दिवस ठाण मांडलं. पाचव्या दिवशी त्यांनी शिपायालाच कामाला लावलं. मोडक्या बाकाच्या दोन फळ्या घेऊन तो रोज सकाळी एकमेकींवर आपटायचा. माणूस इमानी, पण फळ्या उचलल्या की त्याला खोकला यायचा. बारीकसा, एकच. ठेंगू चलाख, फळ्यांची वाट कशाला बघेल? खोकला आला की ही सुटली. बाहेरच्या शर्यतींत खोकणारं कुणी नसे, मग बार ऐकून ही दचकून उठे. तरी पहिली यायची, पायच तसे होते.

देशाच्या संघासाठी चाचणी झाली. सगळ्या वाकल्या, आणि वेळ मोजणारा साहेब ठसकला. ठेंगू एकटीच सुसाट. अर्ध्या वाटेत मागे वळून बघितलं तर सातजणी अजून तिथेच. आपण इतक्या पुढे आहोत म्हणून बाईसाहेब खूश. मग लाल कार्ड दिसलं, बाराआधी सुटली म्हणून बाद.

मी भांडून महिनाभरानंतरची दुसरी चाचणी मिळवली. तिथे चुकली असती तर कायमची घरी.

शिपाई तोंड पाडून माझ्या बहिणीच्या इस्त्रीच्या दुकानात आला. आजपासून मैदानात पाय ठेवणार नाही, म्हणाला. बहिणीने कॉलरवरची इस्त्री उचललीसुद्धा नाही.

"काका, सवय तुम्ही लावलीत, मोडायचीही तुम्हीच. उद्यापासून पोटभर खोका."

एकट्याचा खोकला कितीसा पुरणार? मी गल्ली गोळा केली. मोर्चे पुष्कळ काढलेत, पण घोषणा न देता नुसतं खोकायचं, असा हा पहिलाच. न्हावी, रिक्षावाला, पिठाच्या गिरणीवाली, सगळे सकाळी रेषेमागे हजर. पहिल्या आठवड्यात ठेंगू शिंकेलासुद्धा पळाली. चौथ्या आठवड्यात गिरणीवालीला खरंच ठसका लागला, पाणी आणायला आम्ही धावलो, आणि ठेंगू मात्र फळ्यांची वाट बघत वाकलेली.

चाचणी पार पडली, परदेशातल्या स्पर्धेसाठी ठेंगूचं विमान उडालं. अंतिम शर्यत आम्ही कॉलेजच्या ऑफिसात टीव्हीवर बघितली. तिकडे सगळ्या वाकल्या तसे इकडे शिपायाने दोन्ही हात तोंडावर दाबले. आणि तिकडेच कुणीतरी प्रेक्षकांत खोकलं. शेजारच्या पट्टीतली, सगळ्यांत वेगवान म्हणून गाजलेली, उडाली आणि बाद झाली. आमची जागची हलली नाही. बाकीच्या पुन्हा वाकल्या, बार झाला आणि ठेंगू तिसरी आली.

परतल्यावर ती आधी मैदानात गेली. शिपायाने फळ्या उचलल्या, खोकला. ती ढिम्म. तो पुन्हा खोकला, जरा मोठ्याने. तरी ढिम्म. शेवटी त्याने फळ्या आपटल्या तेव्हा सुटली.

"बघा," तो मला म्हणाला, "पदक मिळालं आणि पोरगी मला विचारीनाशी झाली."