माझ्या बाकावरचे घरमालक

स्वतःच्या भाडेकरूच्या वहीत डोकं घालून परीक्षेचा अभ्यास करणारा घरमालक पृथ्वीच्या पाठीवर आजवर एकच झाला, आणि तो माझ्या वाट्याला आला. मोटार मेकॅनिकचा वर्षाचा कोर्स करायला मी करमाळ्याहून मुळशीत आलो, पौड रस्त्यावरून आत कासार आंबोलीच्या बाजूला एक खोली घेतली, आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसतो तर शेजारी आमचे घरमालक. वय साठीला टेकलेलं, डोक्यावर पांढरी टोपी आणि अंगात कॉलेजचा निळा डगला, ज्याची बटणं पोटावर एकमेकांना भेटायला राजी नव्हती. मला वाटलं, मोरीतला नळ उघडा ठेवून आलो म्हणून हे मागोमाग आले. मी घाबरून अर्धवट उठलो. "बस रं," ते म्हणाले, "हितं मी मालक न्हाई. हितं आपुन दोगं बी पोरं."

पण मालकपण असं डगला चढवल्यानं उतरत नसतं. वर्गात ते माझ्याकडून कधी पेन, कधी पाना मागायचे, आणि तेच मी घरी परत मागायला गेलो की, "भाडेकरूनं मालकाच्या दारात असं सारखं येऊ न्हाई," म्हणून सुनवायचे. माझ्या ग्रीसच्या कपड्यांनी धुण्याचा दगड नासतोय म्हणून सकाळी माझ्यावर ओरडायचे, आणि त्याच दगडावर स्वतःचा डगला टाकला की घरमालकीण काकू त्यांच्यावर ओरडायच्या. काकूंनी आम्हा दोघांना एकाच मापात धरलं होतं. दोघांना सारखा डबा, दोघांना सारख्या शिव्या. फक्त एक जास्तीचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. संध्याकाळी भाकरी थापता थापता त्या मला हळूच विचारायच्या, "ह्यांचं ध्यान असतं का रं वर्गात?" खरं सांगावं तर मालक रागावणार आणि खोटं सांगावं तर भाकरीला जागल्यासारखं होणार नाही. मी म्हणायचो, "काकू, बसतात शांत." तेही खरं नव्हतं.

माझ्याहून अवघड जागी दुखणं होतं ते आमच्या सरांचं. सर तिशीतले, सांगलीकडचे, आणि त्यांनी खोली घेतली होती ती याच घराच्या वरच्या मजल्यावर. घरमालकाला वर्गातून बाहेर काढावं तर तो आपल्याला घरातून बाहेर काढील, ही धास्ती उरात घेऊन त्यांनी वर्षभर शिकवलं. एकदा न राहवून ते मालकांना म्हणाले, "काका, खिडकीबाहेर काय बघताय? इकडं फळ्यावर बघा." त्या संध्याकाळी वरच्या मजल्याचं पाणी गेलं. मालकांनी ते मुद्दाम बंद केलं असं मी म्हणणार नाही, पण सरांचा आवाज चढला की टाकी रिकामी व्हायची, हा योगायोग भारी नेमाचा होता.

अभ्यासात मालक कच्चे होते असं म्हणणंही धाडसाचं आहे. ते शिकायचे, फक्त भलतंच शिकायचे. इंजिनचे चार स्ट्रोक सरांनी आठवडाभर समजावले आणि मग मालकांना उभं केलं. मालकांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "सक्शन म्हंजे जेवायला बसनं. काम्प्रेशन म्हंजे दाबून जेवनं. पावर म्हंजे जेवल्यावर बायकुशी भांडनं. आन् एक्झॉस्ट म्हंजे तिनं घराभाईर काढनं." वर्ग लोळला. सरांनी खडू ठेवला आणि दोन मिनिटं पाठ फिरवून उभे राहिले. पुढं डिफरन्शियल आलं. गाडी वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी, हे सांगताच मालक खूश झाले. "व्हय की! वळताना आतला बैल थांबतो आन् भाईरचा पळतो." सरांचा चेहरा फुलला. पाणी जाईल या भीतीत आजवर शिकवल्याचं सार्थक झालं. तेवढ्यात मालकांनी खाली वाकून गाडीच्या पोटात पाहिलं आणि विचारलं, "मग ह्यात बैल कुटं बसवल्यात?"

कोर्सला का आलात, असं कुणी विचारलं की ते दारातल्या जीपकडं बोट दाखवायचे. ती जीप चिंचेखाली बसली होती, ती बसलीच होती. गॅरेजवाला त्यांना म्हणाला होता, "काका, तुमाला न्हाई कळायचं ह्यातलं," म्हणून ते ईर्ष्येनं आले, असं ते सांगत. आम्ही सगळे हेच खरं मानत होतो. पण ते कॉलेज ज्या जागेवर उभं होतं ती जागा मूळची त्यांची होती. भावाभावांत ठरलं, जमीन विकली गेली, आलेल्या पैशात हे घर झालं, भाड्याच्या खोल्या निघाल्या, ती जीप आली, आणि जिथं इंद्रायणी भाताचा वास सुटायचा तिथं डिझेलचा सुटू लागला. मालकांच्या हिशेबी मात्र काहीच हललेलं नव्हतं, भाताची खाचरंसुद्धा. इंजिनची शेड म्हणजे झऱ्याचं खाचर. रंगकामाची शेड म्हणजे आंब्याचं खाचर. पाने-हत्यारांची खोली म्हणजे नवरीचं खाचर, कारण लग्न झाल्यावर काकूंनी पहिली लावणी तिथं केली होती. प्राचार्यांची केबिन जिथं होती तिथं पूर्वी उकिरडा होता, आणि हे त्यांनी खुद्द प्राचार्यांना पहिल्याच भेटीत कौतुकानं सांगितलं होतं. "लई कसदार जागा, सायेब!" हळूहळू ही नावं पोरांच्या तोंडी बसली, मग सरांच्या, आणि एक दिवस सूचनाफलकावर खडूनं लिहून आलं, "उद्याचा ब्रेकचा तास आंब्याच्या खाचरात होईल." पुण्याहून आलेल्या एका पाहुण्या व्याख्यात्यानं हे वाचलं आणि तो बिचारा पँट वर खोचून अर्धा तास मागच्या शेतातून हिंडत राहिला.

झऱ्याच्या खाचरानं तर पावसाळ्यात कहरच केला. गाडीखाली उभं राहून काम करायला शेडमध्ये जो खड्डा खणला होता, त्यात कमरेइतकं पाणी चढलं. पंप लावला, पाणी उपसलं, सकाळी पुन्हा पाणी. प्राचार्य हताश होऊन काठावर उभे, आणि मालक शेजारी उभे राहून लग्नघरातल्यासारखे हसतायत. "बांधताना म्या सांगितलं हुतं, हितं जिता झरा हाय!" चौथ्या दिवशी सर गुडघाभर पाण्यात उतरून सायलेन्सर दाखवत होते आणि एकदम किंचाळून वर आले. पायाच्या अंगठ्याला खेकडा लोंबकळत होता. मालकांनी तो अलगद सोडवला, मग स्वतः खड्ड्यात उतरले आणि ऑइलच्या रिकाम्या डब्यात खेकडे भरू लागले. त्या दिवशी प्रॅक्टिकल झालं नाही. संध्याकाळी मालक, मी आणि सर एका पंगतीला बसून कालवण ओरपत होतो, आणि वरच्या मजल्याला पाणी धो धो आलं होतं.

अशा माणसाच्या पास होण्याची कुणाला चिंता असणार? लेखी परीक्षेत चार उत्तरांपैकी एकावर खूण करायची होती. मालकांनी सगळीकडं 'ब'वर केली. "ब म्हंजे बांध. बांध सोडायचा न्हाई," म्हणाले. प्रॅक्टिकलला बाहेरून परीक्षक आले. सरांनी एका जुन्या मोटारीत मुद्दाम बिघाड करून ठेवला होता. तो शोधून गाडी चालू करायची होती. मालकांनी आधी परीक्षकांना ते नेमके कुठल्या खाचरात उभे आहेत हे समजावलं. मग बॉनेट उघडलं, आत हात घातला, हे ओढ, ते दाब, टोपी काढून घाम पुसला, एकदा किल्ली फिरवली. गाडी ढिम्म. शेवटी, "जा तिकडं मसनात!" म्हणत त्यांनी बॉनेट दाणकन आदळलं आणि पुन्हा किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. बिघाड होता बॅटरीच्या सैल टर्मिनलचा. हादऱ्यानं ते जागेवर बसलं होतं. "शाब्बास!" परीक्षक म्हणाले, "टर्मिनल! बरोबर ओळखलंत." मालक त्या घरघरणाऱ्या गाडीकडं असे बघत राहिले की जणू ती दगा देऊन चालू झाली होती.

निकाल लागला. मी पास, मालक पास. 'ब'नंही त्यांना कसंबसं काठावर आणलं होतं. काकूंनी आळीभर पेढे वाटले. मालकांनी पेढा हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात येऊन म्हणाले, "चल माज्यासंगं. मला एकट्याला बोलाय जमायचं न्हाई."

आम्ही प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो. मालक खुर्चीवर बसले नाहीत.

"सायेब, मला नापास करा."

प्राचार्य हसले. "अहो काका, लोक पास करा म्हणून येतात."

"ती गाडी म्या चालू केली न्हाई. आपसूक झाली. ह्ये पोरगं साक्षीला हाय."

"झाली ना चालू? मग झालं."

"न्हाई झालं, सायेब." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "मला अजून कायबी येत न्हाई. आनखी एक वरीस बसू द्या."

"पण कशासाठी, काका?"

मालकांनी खिडकीतून गेटाकडं बोट दाखवलं. मग म्हणाले, "जागा दिल्यावर एकडाव आसाच आत यायला निगालो हुतो, तर गेटवरच्या वॉचमननं आडवलं. 'किधर जाना है?' म्हनला. आता किधर जाना है म्हनून काय सांगू त्याला? जल्मभर त्या वाटंनं गेलो, कुनी इचारलं न्हवतं. डगला घातला तवापासनं न्हाई इचारत. सलाम करतो."

मी जीपची गोष्ट खरी मानून त्यांच्या शेजारी वर्षभर बसलो होतो. प्राचार्यांनी उगाच टेबलावरचे कागद सारखे केले आणि म्हणाले, "नापास नाही करता येणार, काका. पण जूनपासून वेल्डिंगचा कोर्स निघतोय."

"त्यो कुटं?"

"आंब्याच्या खाचरात," प्राचार्य म्हणाले.

मला हिंजवडीच्या बाजूला एका सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी लागली. ज्या दिवशी मी खोली सोडली त्याच दिवशी मालकांच्या नव्या कोर्सचा पहिला तास होता. काकूंनी दोघांना डबे दिले, सवयीनं सारखेच. आम्ही रस्त्यापर्यंत बरोबर चाललो. मालकांचा डगला नवा होता, बटणं लागत होती. "खोलीत दुसरा भाडेकरू येईल," ते म्हणाले, "पर तू येत जा. जेवायला. आन् त्यो पाना राहिलाय तुजा माज्याकडं..." एवढ्यात घंटा झाली. पान्याचं वाक्य तसंच टाकून ते पळाले. उशीर झाला तर नवे सर ओरडतील म्हणून एक साठीचा माणूस हातानं टोपी दाबून धरून पळत होता. मी बॅग खांद्यावर घेऊन बघत राहिलो. गेटातून आत शिरणाऱ्या पोरांच्या निळ्या घोळक्यात ते मिसळले, आणि त्यातले आमचे घरमालक कोणते, ते मला लांबून ओळखू येईना.