पाच बाटल्यांची टोपणं

वहिनींना दोन गोष्टी कधी जमल्या नाहीत, गप्प राहणं आणि बसणं. पहिली स्वभावामुळे, दुसरी धंद्यामुळे. इस्त्रीचं दुकान म्हणजे उभ्याचं काम. दहा बाय बाराची खोली, एका टेबलाशी त्या, समोरच्या टेबलाशी नवरा, मध्ये कपड्यांचे गठ्ठे. अशी बावीस वर्षं गेली. संध्याकाळी टाचा इतक्या ठणकायच्या की त्या चपलांनाच शिव्या घालायच्या. आख्खी गल्ली त्यांना वहिनी म्हणे, वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा. फुकटात एवढे दीर मिळत असतील तर नको कोण म्हणेल?

वरच्या मजल्यावर सुईवाले डॉक्टर होते. चिनी पद्धतीने बारीक सुया टोचायच्या, नाडी बघायची, जीभ बघायची, वाळक्या पाल्याची कांडी पेटवून शेक द्यायचा, हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. त्यांच्या चादरी आणि पांढरे कोट वहिनींकडे येत. घड्या पोचवायला वर गेल्या की वहिनी भिंतीवरचा तक्ता वाचत उभ्या राहत. त्यावर पाच तत्त्वं होती. लाकूड म्हणजे यकृत आणि राग, अग्नी म्हणजे हृदय आणि आनंद, माती म्हणजे पोट आणि काळजी, धातू म्हणजे फुप्फुसं आणि दुःख, पाणी म्हणजे मूत्रपिंडं आणि भीती. वाचून वाचून वहिनींना त्याचं वेडच लागलं. प्रत्येक शर्टाच्या आतला माणूस त्यांना दिसू लागला.

"कॉलर कुरतडतो तो माती," त्या नवऱ्याला सांगत. "बटणं तोडतो तो लाकूड."

"आणि मी गं?"

"तुम्ही ओलं लाकूड. पेटत नाही, नुसता धूर."

नवरा दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा माणूस. त्यातलं एक त्याने खर्च केलं. "यात हवा कुठे गेली?"

"हवा धातूत."

"धातूत हवा?"

"फुप्फुसं धातूत आहेत, मग हवा जाईल कुठे बिचारी?"

नवऱ्याने हात टेकले आणि पुन्हा पँटची क्रीज धरली.

डॉक्टर मालिशीला सुगंधी तेलं वापरत. त्यावरून वहिनींनी पाच फवाऱ्याच्या बाटल्या आणल्या आणि तक्त्याप्रमाणे त्यांना रंगीत टोपणं बसवली. हिरव्यात संत्रं, रागासाठी. लालमध्ये लव्हेंडर, भलत्या आनंदासाठी. कारण तक्त्याच्या मते अति आनंद हाही विकारच, आणि तो वहिनींना जन्मापासून होता. पिवळ्यात गवती चहा काळजीसाठी, पांढऱ्यात निलगिरी दुःखासाठी, काळ्यात देवदार भीतीसाठी. मोजून थेंब, थोडं स्पिरिट, वर पाणी. बाटलीवर चिठ्ठी चिकटवली तर वाफेने सुटायची, म्हणून ओळख फक्त टोपणाच्या रंगाची. कपडा हँगरवर गेला की गिऱ्हाइकाला विचारून लांबून एक फवारा. आजवर एकाही कपड्यावर डाग पडलेला नाही, आणि हे त्या न विचारता सांगतात.

अशात डॉक्टरांची मदतनीस बाई दुसऱ्या गावी राहायला गेली. तेलं मिसळायला, पेशंटशी दोन शब्द बोलायला डॉक्टरांना कुणीतरी हवं होतं. वहिनींच्या कानावर ही बातमी आली आणि त्यांना दुसरं काही सुचेना. हे काम आपलं आहे, आपल्यासाठीच रिकामं झालंय आणि ते हुकलं तर आपण आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाह्याच सरळ करत राहू, असं त्यांना अगदी आतून वाटलं. त्या खांद्यावर चादरी घेऊन वर गेल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मला घ्या."

"चाळीस वर्षं धूर हुंगून माझं नाक गेलंय," डॉक्टर म्हणाले. "मला नाक हवंय. आहे तुमच्याकडे?"

"हे काय, चेहऱ्याच्या मधोमध!"

डॉक्टर हसले नाहीत. ते हसतच नसत. "दहा माणसं घ्या. कुणाचं तत्त्व कुठलं ते तुम्ही ठरवायचं, तेल तुम्ही द्यायचं, काय फरक पडला ते खरं खरं लिहायचं. तेलाने बरं वाटतं, रोग बरा होत नाही. तेव्हा ताप आलेल्यावर फवारे मारू नका. शनिवारी वही दाखवा. दहावा मी."

"मग जीभ दाखवा," वहिनी म्हणाल्या.

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या जिभा बघितलेल्या डॉक्टरांनी निमूटपणे स्वतःची बाहेर काढली. वहिनींनी ती उजेडात नेऊन बघितली, नाडी धरली, त्यांचा कोट हातात धरून चार प्रश्न विचारले आणि निकाल दिला. "पाणी. तुम्हाला कशाची तरी भीती आहे."

"मला? कशाची?"

"ते तुमचं तुम्हाला ठाऊक."

डॉक्टर घाईघाईने पुढच्या पेशंटकडे वळले.

आठवडा सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी वहिनींना सर्दी झाली. साधीसुधी नाही, नाक दोन्ही बाजूंनी ठप्प. वासाच्या परीक्षेला बसलेली बाई आणि नाकच गैरहजर! पण थेंब वहीत लिहिलेले होते, टोपणांना रंग होते, तेव्हा वहिनींनी काम चालू ठेवलं. हिरवं उचल, फवार. पिवळं उचल, फवार.

आणि काय सांगावं, गुण आला की हो! बस ड्रायव्हर, जो एरवी आरशातल्या स्वतःवरही ओरडायचा, तो बुधवारी एका म्हातारबांना म्हणाला, "सावकाश चढा, मी आहे." प्रवासी घाबरून एकमेकांकडे बघायला लागले. वाचनालयातल्या बाई रोज कुलूप लावून तीनदा परत यायच्या, त्या एकदाच परत आल्या. घड्याळजी, बायको गेल्यापासून मान वर न करणारे, शुक्रवारी दुकानाशी थांबून वहिनींच्या सर्दीची चौकशी करून गेले. आणि डॉक्टर? डॉक्टर कोट अंगात घालून म्हणाले, "देवदार! गंभीर वास. मन कसं स्थिर झालंय." दहापैकी नऊ जणांना बरं वाटलं होतं. उरला तो शिकवणीवाला मास्तर, त्याला कशानेच बरं वाटत नसे. वहिनींना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी वहीला नवीन कव्हर घातलं.

शनिवारी सकाळी त्यांचं नाक सुटलं.

त्यांनी एक लांब, भरभरून श्वास घेतला, हिरवं टोपण उघडलं, आणि लव्हेंडरचा वास आला. पुन्हा हुंगलं. लव्हेंडरच. काळं उघडलं तर संत्रं. पिवळ्यात निलगिरी. लालमध्ये गवती चहा, पांढऱ्यात देवदार. पाचच्या पाच चुकीच्या! वहिनींची पाचावर धारण बसली.

"अहो! या बाटल्यांना कुणी हात लावला?"

नवऱ्याने इस्त्री उभी केली. "मी. रविवारी. तुझी परीक्षा, म्हटलं बाहेरून घासून चकचकीत करू. आणि टोपणं साबणाच्या पाण्यात."

"सगळी एकदम?"

"एकदम. नंतर बसवली."

"बघून?"

"चांगली घट्ट बसवली," नवरा म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका पडला की वहिनींना ओरडायचं होतं तेही ओरडता येईना. या माणसाला रॉकेल आणि लव्हेंडर यांतला फरक कळत नव्हता, पण बाटल्या मात्र आरशासारख्या लखलखत होत्या.

आता? वही वर न्यायची आणि मूग गिळून बसायचं, की सांगून टाकायचं? कुणाला कळणार होतं? नऊ जण खूश होते, खुद्द डॉक्टर खूश होते. वहिनी जिन्यात तीनदा चढल्या, तीनदा उतरल्या. पण गप्प राहणं त्यांना कधी जमलं होतं? चौथ्यांदा चढल्या ते थेट टेबलापाशी गेल्या आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या. सर्दी, साबण, टोपणं, सगळं.

डॉक्टरांनी वही जवळ ओढली. "काळ्यात काय होतं म्हणालात?"

"संत्रं."

"म्हणजे मी आठवडाभर रागाचं तेल..."

"आणि वर देवदार म्हणालात, डॉक्टरसाहेब."

आधी डॉक्टरांचे खांदे हलले. मग चष्मा हलला. मग ते असे हसत सुटले की पडद्यामागे पाठीत सुया घेऊन पालथा पडलेला पेशंट "काय झालं? काय झालं?" असं विचारायला लागला, आणि त्याला हलू नका सांगायलाही डॉक्टरांकडे श्वास उरला नाही. वहिनीही हसू लागल्या. हसता हसता त्यांना रडू यायला लागलं, कारण काम गेलंच होतं.

डोळे पुसून डॉक्टर म्हणाले, "तुमच्याआधी तिघी येऊन गेल्या. तिघींच्या वहीत दहापैकी दहा. तुम्ही पहिल्या, ज्यांनी मला शून्य आणून दाखवलं." त्यांनी पान उलटलं. "घड्याळजी बायकोचंच घड्याळ बांधतात, हे कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. मी विचारलं."

"त्यांना आठवडाभर कुणीतरी विचारत होतं, म्हणून मान वर झाली असेल. तेलामुळे झाली की नाही, मला माहीत नाही." मग त्यांनी पडद्याकडे बघून आवाज एकदम खाली आणला. "माणसं मात्र तुम्ही बरोबर ओळखलीत. मला सुयांची भीती वाटते. आजवर कुणाकडून एकही टोचून घेतलेली नाही. कुणाला सांगू नका. सोमवारी नऊ वाजता या."

वहिनींनी शपथ घेतली आणि ती कसोशीने पाळली, जिन्याची शेवटची पायरी येईपर्यंत. मग नवऱ्याला दोन्ही हातांनी धरून गरागरा फिरवलं, सुयांची गोष्ट सांगितली, काम मिळाल्याचं सांगितलं, पुन्हा सुयांची गोष्ट सांगितली. नवरा गठ्ठ्यांवर आपटत फिरला, हसला, घेरी येऊन खाली बसला, आणि बसल्या बसल्या म्हणाला, "मग मी बोलू कुणाशी?"

दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस! वहिनींना जन्मात पहिल्यांदा उत्तर सुचलं नाही. बावीस वर्षं आपणच बोलतोय असं त्यांना वाटत होतं, आणि समोरच्या टेबलापलीकडे हा माणूस त्यालाच गप्पा समजत होता.

सोमवारी नऊला त्या वर रुजू झाल्या. साडेनऊला नवरा इस्त्री केलेली एक चादर घेऊन वर आला. दहाला दुसरी. साडेदहाला तिसरी.

"सगळ्या एकदम का नाही आणत?" डॉक्टरांनी विचारलं.

"ओझं होतं हो," नवरा म्हणाला, आणि वहिनींकडे बघत दारातच उभा राहिला.