खलिफाची साक्ष

भोकरदनपासून जालन्यापर्यंतच्या मुलखात माझ्या थोरल्या साडूंनी ज्याच्यावर संशय घेतला नाही असा माणूस, असं जनावर किंवा असं भांडं मला अजून भेटायचं आहे. निजामाच्या राजवटीत ते भोकरदनच्या तालुका कचेरीपुढं लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत. रयत बोलायची मराठीत, हाकिमाला कागद लागायचा उर्दूत, आणि मधे आमचे साडू. दिवसभर दुसऱ्यांची गाऱ्हाणी ऐकून त्यांची अशी पक्की समजूत झाली होती की, जो तो काहीतरी दडवूनच बोलतो. गवळी दूध काढताना ते म्हशीच्या शेजारी उकिडवे बसत आणि त्याच्या हातांकडं बघत. एकदा म्हशीनं शेपटी तोंडावर मारली, तर घरी येऊन आक्काला म्हणाले, "शिकवलेली हाय ती." आक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. तिच्या फोडणीतल्या मोहऱ्यांचाही त्यांना भरवसा नव्हता. मी जुन्या जालन्यात कापड विकायचो, त्यामुळं माझ्याकडं तर ते कायम रोखून बघायचे. दुकानात आले की आधी माझा कापड मोजायचा लोखंडी गज उचलून स्वतःच्या गजाला लावायचे आणि मगच चहा घ्यायचे. पाहुण्याचं नातं म्हणून मी हसायचो, पण पोटात राग यायचा, खोटं कशाला बोलू?

माणसं कमी पडली म्हणून की काय, त्यांनी एका शब्दाचाही पिच्छा पुरवला. झालं असं की, पिंपळगाव रेणुकाईची एक म्हातारी लेकाविरुद्ध अर्ज द्यायला आली. लग्न झाल्यापासून लेकाची माया आटली, त्याला दोन वेळच्या भाकरीचा हुकूम करा, असं तिचं म्हणणं. साडूंना त्या घडीला उर्दू शब्द सुचेना, म्हणून त्यांनी बराच विचार करून 'सरमाया' लिहिला. आत पेशकारानं, म्हणजे हाकिमाच्या कारकुनानं, म्हातारीला विचारलं, तुझा सरमाया म्हणजे भांडवल किती होतं आणि ते लेकानं कुठं घालवलं? म्हातारी म्हणाली, दोन शेळ्या होत्या, पण त्यांचं इथं काय काम? कचेरीत हसू पिकलं आणि साडूंना दुसरा कागद फुकट लिहून द्यावा लागला. त्या दिवसापासून 'माया' ह्या शब्दाकडं ते फरारी आरोपीकडं बघावं तसं बघू लागले. एक वही घातली. पहिल्याच पानावर लिहिलं: नाव माया, बापाचं नाव नामालूम, राहणार सगळीकडं. मग एकेक गवाह तपासायला सुरुवात केली.

कीर्तनकारबुवांनी सांगितलं की हे सगळं जगच माया, डोळ्यांना भासतं तेवढंच, आत काही नाही. साडूंनी तसं लिहून घेतलं आणि खाली शेरा मारला, 'जग खोटं म्हणतो, पण नारळ कानाशी हलवून घेतो.' मदरशातल्या मौलवींनी सांगितलं, फारसीत माया म्हणजे पुंजी, आणि पीठ फुगायला टाकतात ते खमीरही. जालन्याच्या स्टेशनावर एक तेलुगू बाबू होता. त्यानं चार माणसांत सांगितलं की आमच्याकडं बाळंतिणीची वार पडते तिलाही मायाच म्हणतात. ते वहीत लिहिलेलं आक्कानं पाहिलं आणि दोन दिवस वही देवघराच्या बाजूला येऊ दिली नाही. अजिंठ्याच्या बंगल्यावरच्या खानसाम्याकडून कळलं की बुद्धाच्या आईचं नाव माया होतं आणि पोर सात दिवसांचं असताना ती गेली. तिथं मात्र साडूंनी काही शेरा मारला नाही, कारण त्यांची स्वतःची आई ते रांगत असतानाच गेली होती. जालन्याच्या पाद्रीसाहेबांनी तर कमालच केली. सात समुद्रांपलीकडं माया नावाचे लोकच होते म्हणे, रानात दगडांची देवळं बांधायचे, आकाशातल्या ताऱ्यांचा हिशेब ठेवायचे. साडूंनी विचारलं, "सगळी रयतच माया, मंग शेतसारा कोन भरू राह्यलं होतं?" पाद्रीसाहेब पुन्हा ताऱ्यांवर गेले. त्यांची साक्ष 'अर्धवट' म्हणून नोंदली गेली.

शेवटचा गवाह होता खलिफा. आमच्याकडं शिंप्याला मानानं खलिफा म्हणत. भोकरदनच्या बाजारात त्याचं छपराचं दुकान होतं आणि साडूंचे सगळे कपडे वर्षानुवर्षं तोच शिवायचा. साडू कापड घेऊन त्याच्यापुढं सकाळी बसत, ते कात्री थांबेपर्यंत हलत नसत, आणि कातरणीचे तुकडेसुद्धा पुरचुंडीत बांधून घरी नेत. खलिफानं कधी तोंड वाकडं केलं नाही. उलट तो त्यांना टेकायला तक्क्या द्यायचा. माया म्हणजे काय विचारल्यावर त्यानं एका पोराचा सदरा उलटा करून शिवणीतलं दुमडलेलं कापड दाखवलं. हे आम्ही आत राखून ठेवतो, लेकरू वाढलं की उसवून बाहेर काढतो, हीच माया, असं तो म्हणाला. साडूंनी वहीत लिहिलं, 'लेकरांपुरतं खरं असावं. मोठ्यांच्या कपड्यातली माया शिंप्याच्या घरी जाते, असा दाट संशय.'

पुढं साडूंना मुदतीचा ताप आला. चाळीस दिवस खाटेवर. अंगावर नुसती कातडी राहिली. कचेरीत घालायची शेरवानी जुनी झाली होती, म्हणून माझ्याच दुकानातून आधी तीन गज काळं लोकरी कापड नेऊन ठेवलं होतं. खलिफा घरी येऊन खाटेवरच माप घेऊन गेला. त्या वेळी तो त्यांच्या फासळ्यांकडं बराच वेळ बघत उभा होता, असं आक्का नंतर सांगायची. पण बघा, आयुष्यात पहिल्यांदाच कात्री साडूंच्या डोळ्यांआड चालली. शेरवानी शिवून आली ती अंगाला अगदी बरोबर, आणि सोबत कातरण मूठभर. साडूंनी उठून बसता येताच शेरवानीची पाठ, बाह्या, कळ्या सगळं गजानं मोजलं. अर्धा गज कापड कमी भरलं.

ते आधी माझ्याकडं आले. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, माझा गज तपासायला लागले. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "माझा गज बराबर हाय. कात्री कोनाच्या हातात होती ते बघा." म्हणून बसलो खरा. मला खलिफाबद्दल काहीएक माहीत नव्हतं. मला फक्त माझ्या अंगावरची बला टाळायची होती, आणि ती मी त्या गरिबाच्या अंगावर ढकलली.

साडू तसेच भोकरदनला गेले आणि बाजाराच्या दिवशी, लोकांच्या देखत, खलिफाला कापड कुठं गेलं म्हणून विचारलं. खलिफानं कात्री खाली ठेवली. "कपडा शेरवानी मेंच है, मुन्शीजी. उधेड के देखो," एवढंच तो बोलला. दुसरा कुणी असता तर त्यानं लगेच उसवून पाहिलं असतं. पण साडूंना त्यातही डाव दिसला: उसवायला लावायचं आणि पुन्हा शिलाई घ्यायची. त्यांनी शेरवानी फडक्यात बांधली, वर 'पुरावा' अशी चिठ्ठी टाचली आणि पेटीत टाकली. खलिफाच्या दुकानावरून जाणं सोडलं. जुनीच शेरवानी घालून ते लिंबाखाली बसत. दोन वर्षं दोघांत शब्द नाही. बाजारातल्या लोकांनीही हळूहळू खलिफाकडं जरीची, लोकरीची कापडं देणं कमी केलं, हे माझ्या कानावर येत होतं. मी गप्प बसलो.

मग निजामाचं राज्य गेलं. त्या दिवसांत सगळेच एकमेकांकडं चोरून बघत होते, आमच्या साडूंसारखे झाले होते म्हणा ना. खलिफानं दुकान बंद केलं आणि लेकीकडं हैदराबादला निघून गेला. त्याच दिवाळीला साडू आणि आक्का आमच्याकडं जालन्याला आले. जुन्या शेरवानीला कसर लागली होती, म्हणून आक्कानं हट्टानं 'पुरावा' बाहेर काढून त्यांच्या अंगात घातला होता. दोन वर्षांत साडू चांगले भरले होते. ताटावर बसायला वाकले आणि काखेखालची शिवण टर्रकन गेली. माझ्या बायकोनं शेरवानी टाके घालायला आत नेली, आणि थोड्या वेळानं आम्हाला हाक मारली. दोन्ही बाजूंना, पाठीला, बाह्यांना, आत चार-चार बोटं कापड दुमडून बारीक टाक्यांनी बसवलेलं होतं.

"साडूभाऊ, गज आना," साडू मला म्हणाले. त्यांनी मोजलं. अर्धा गज भरून वर दोन बोटं जास्तच निघालं. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि सांगितलं की ती गोष्ट मी बोलायला नको होती, मला तेव्हापासून लाज वाटते. त्यांनी मान हलवली. "तुम्ही नुसतं बोट दाखवलं. चाललो मीच. त्यानं सांगितलं होतं मला, उसवून बघा म्हून. मी न्हाई बघितलं." फराळाचं ताट तसंच राहिलं.

हजारो अर्ज लिहिलेल्या ह्या माणसाला ते एक पत्र लिहायला आठ दिवस लागले. अर्जाखेरीज दुसरं लिहायची सवयच नाही. शेवटी अर्जच लिहिला: मी खाली सही करणार कबूल करतो की शेरवानी तंग होऊन शिवण गेली तेव्हा आत कापड पूर्ण मिळालं, चोरीचा आरोप खोटा होता, तो मी भर बाजारात केला म्हणून ही माफीही बाजारात वाचून दाखवली आहे. आणि खरंच, त्यांनी बाजाराच्या दिवशी लिंबाखाली उभं राहून ती वाचली. मी शेजारी उभा होतो. पत्रावर सवयीनं अर्जाला लावतात ते कचेरीचं तिकीट डकवायला निघाले, तेव्हा आक्कानं हात धरला. खलिफाच्या शेजारच्या बांगडीवाल्याकडून पत्ता घेऊन पत्र गेलं.

वर्ष संपता संपता उत्तर आलं. खलिफाला लिहिता येत नसे, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं होतं. साडूंनी मला ते तीनदा वाचून दाखवलं. "मुन्शीजी, शेरवानी तंग हुई सुन के दिल ठंडा हुआ. बुखार में तुमारी हड्डियाँ देखा था मैं. सोचा, आदमी है, भरेगा. दूसरे कू हात लगाने नक्को देव. मैं आको खोलतूँ."

तो स्वतः येऊन उसवणार म्हटल्यावर साडूंनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. फाटलेली ती एक शिवण तेवढी माझ्या बायकोनं होती तशी शिवून दिली. त्यापुढं दर हिवाळ्यात ते ती शेरवानी बटणं न लावता घालायचे, आणि कुणी हसलं तर म्हणायचे, शिंपी गावाला गेलाय, येणार हाय. गवळ्यावरचा, मोहऱ्यांवरचा आणि माझ्या गजावरचा संशय काही सुटला नाही. पण जालन्याला आले की हैदराबादकडून येणाऱ्या गाडीच्या वेळी ते स्टेशनावर एक चक्कर मारून यायचे.

खलिफा आला नाही. पुढं साडूही गेले. आक्कानं ती शेरवानी आणि वही माझ्याकडं दिली. वहीत खलिफाच्या साक्षीखालचा शेरा खोडून त्यांनी 'गवाह सच्चा' असं लिहिलंय, आणि खाली सही केलीय. दर दिवाळीला आम्ही शेरवानी उन्हात घालतो. परवा नातवाला ती अंगात घालायची होती, खांद्यात जरा घट्ट झाली. म्हणाला, आत भरपूर कापड आहे, कोपऱ्यावरचा शिंपी उसवून देईल. मी नको म्हणालो. का ते त्याला सांगता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.