स्पंजाला तीन शिट्ट्या

छत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज राहिलेल्या बाईला स्वतःचं घरही थिएटरच वाटू लागलं, तर त्यात तिचा तरी काय दोष? सिस्टर निवृत्त झाल्या, त्यांचे हात काही झाले नाहीत. दाराची मूठ दिवसातून दोनदा पुसायची, पायपुसणं रोज उन्हात टाकायचं, बाहेरून आलेल्या माणसानं आधी बेसिनपाशी जायचं आणि मग 'कसे आहात' म्हणायचं. इमारतीत त्यांना मागे 'फिनेलबाई' म्हणत. सिस्टरांना ते चांगलं ठाऊक होतं. "म्हणू देत. पोटं कुणाची बिघडतात ते बघू," एवढंच त्या म्हणत.

त्यांचे यजमान ग्रंथालयात आयुष्य काढलेले, शांत बसण्याची सवय असलेले. पाहुण्यांना ते सांगत, "आमच्याकडे जंतूसुद्धा चपला बाहेर काढून येतात." सिस्टर ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि त्यांचा कप उचलून त्याखालचं टेबल पुसून घेत.

या सगळ्याचा एकाच माणसाला खरा जाच झाला, तो म्हणजे सात वर्षांच्या नातीला. वर्षापूर्वी ती आजीकडे राहायला आली होती. खाली बागेत तिला एक गोगलगाय सापडली, ती तिनं साबणाच्या डबीत घालून उशाशी ठेवली. सकाळी सिस्टरांनी गोगलगाय गटारात सोडली आणि डबीवर उकळतं पाणी ओतलं. पोर रडली नाही की ओरडली नाही. तिनं आपली पिशवी भरली, मोजे घातले आणि आजोबांना म्हणाली, "आईला फोन लावा." तेव्हापासून ती यायची, जेवायची, गप्पाही मारायची, पण संध्याकाळ झाली की घरी. आजीकडे राहायचं नाही म्हणजे नाही. मोठमोठ्या हटवादी सर्जनांना सरळ केलेल्या सिस्टर त्या एवढ्याशा पोरीपुढे हरल्या होत्या.

आणि मग नेमका जावयाला चार महिन्यांसाठी परगावी जायचा हुकूम आला. सगळं बिऱ्हाडच निघालं. नातीचा एक मासा होता. फायटर म्हणतात त्या जातीचा, निळा-तांबडा, झुपकेदार शेपटीचा, डाव्या कल्ल्याजवळ एक पांढरा ठिपका असलेला. बरणीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखी गस्त घालायचा म्हणून त्याचं नाव 'हवालदार'. शेजारीण सांभाळणार होती, ती आयत्या वेळी फिरली. निघायच्या दिवशी लेक बरणी घेऊन दारात उभी.

"आई, दुसरा इलाज नाही म्हणून देतेय. त्याला उकळू नकोस."

"मी काय राक्षसीण आहे?"

लेकीनं बरणी आणखी घट्ट धरली, यातच उत्तर आलं. नातीनं आईकडून बरणी घेऊन ती दोन्ही हातांनी आजीच्या हाती दिली आणि विचारलं, "मी परत येईन तेव्हा हा असेल ना?"

"असेल."

"हाच?"

"हाच गं बाई."

त्या 'हाच'मध्ये सगळी गोगलगाय होती. सिस्टरांना ते बरोबर टोचलं. हा मासा दगावला तर पोर पुन्हा पिशवी भरून निघून जाईल आणि या खेपेला जेवायलाही येणार नाही, हे त्यांना लख्ख कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या माशांच्या दुकानात हजर. दुकान अरुंद, ओलसर. दोन्ही भिंतींना टाक्या आणि मध्ये एका वेळी एकच माणूस मावेल एवढी वाट. दुकानदार जाड भिंगांचा, बोलायला संथ. वाक्य संपवायच्या आधी तो एखाद्या टाकीत डोकावून यायचा, त्यामुळे सिस्टरांचा जीव नुसता कासावीस व्हायचा.

"बरणी नको, झाडांची टाकी करा," तो म्हणाला. "तळाला माती, वर वाळू, थोडी झाडं, स्पंजाचा एक साधा फिल्टर. पाणी भरायच्या आधी दिवसभर उघडं ठेवायचं. सगळं लागलं की निदान महिनाभर टाकी तशीच चालू द्यायची. रोज चिमूटभर दाणे टाकायचे, मासा नसला तरी. तोवर हवालदार बरणीत. त्याचं पाणी रोज थोडं बदला."

"दाणे कुणासाठी? आणि महिनाभर काय करायचं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"माशाला पाणी लागतं, पाण्याला झाडं लागतात, आणि झाडांना तुम्ही लागत नाही," असं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सिस्टरांनी सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. फक्त शेवटचं वाक्य वगळलं.

घरी जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर अंथरली गेली. तिच्यावर लांब चिमटा, कात्री, वाटी, पुसायचं कापड, सगळं ओळीनं. यजमानांनी चष्मा वर करून विचारलं, "पेशंट कोण आहे?"

"तुम्ही तिकडे बसा हो."

वाळू चार वेळा उकळली. लाकडाचा वाकडातिकडा तुकडा दोनदा उकळला. जाड पानांचं एक रोप त्या लाकडाला बांधायचं होतं, ते टाके घालायच्या दोऱ्यानं, पक्क्या सर्जनच्या गाठीनं बांधलं. बाकीची झाडं चिमट्यानं एकेक करून वाळूत रोवली. टाकी भरली तेव्हा पाणी असं नितळ, की काच आहे की नाही कळू नये. सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. छान दिसत होतंच ते, खोटं कशाला बोला.

पण चार दिवसांत लाकडावर कापसासारखी पांढरी बुरशी धरली. सिस्टरांनी टूथब्रशनं घासून काढली. काचेवर तपकिरी धूळ बसली, ती पुसली. झाडांची पानं विरघळू लागली, ती कापली. गँग्रीन झालेला भाग ठेवतात का कुणी? दर रविवारी टाकी रिकामी करून धुवायची, असं वेळापत्रकच त्यांनी लावलं. आणि फिल्टरचा तो स्पंज! आठवडाभरात असा मळला, की त्याच्याकडे बघवेना. छत्तीस वर्षं ज्यांनी वाफेच्या दाबाखाली जंतू मारले, त्या बाईंनी दुसरं काय करावं? स्पंज कुकरात घातला आणि तीन शिट्ट्या केल्या.

दाण्यांची चिमूट त्यांनी पहिल्याच दिवशी बंद केली होती. कोणी खाणारं नसताना अन्न कुजवायचं, हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. दहाव्या दिवशी त्यांनी ठरवलं, की इतकं शुद्ध पाणी असताना महिना कशाला थांबायचं? दुकानदाराचं काय, त्याला सगळ्यातच उशीर. हवालदार टाकीत गेला. दोन दिवस त्यानं ऐटीत गस्त घातली. सिस्टरांनी लेकीला फोटो पाठवला. पुढच्या दोन रविवारी पुन्हा धुलाई, पुन्हा शिट्ट्या.

टाकीत गेल्यापासून तिसऱ्या आठवड्यात हवालदार तळाशी बसला. पंख मिटलेले, रंग उडालेला, कल्ले धापा टाकल्यासारखे. दाणा टाकला तरी वर बघेना. नेमका तेव्हाच नातीचा व्हिडिओ कॉल आला.

"आजी, हवालदार कुठाय?"

"ड्यूटीवर आहे. झाडाच्या मागे."

फोन ठेवल्यावर सिस्टर खुर्चीत बसल्या. पेशंटच्या नातेवाइकांशी त्या जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या. वाईट बातमीसुद्धा त्यांनी उभ्यानं, समोर बघून सांगितली होती. आणि आज सात वर्षांच्या पोरीला थाप मारली.

यजमान हळूच म्हणाले, "अगं, त्या दुकानदाराला विचार तरी."

"तेच करतेय. सल्ले नकोत."

टाकीतलं पाणी निर्जंतुक बाटलीत भरून, वर तारीख-वेळेची चिठ्ठी चिकटवून त्या दुकानात गेल्या. दुकानदारानं बाटली उजेडात धरली. "इतकी स्वच्छ बाटली माझ्या दुकानात आजवर आली नाही," तो म्हणाला आणि थोडं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी गर्द हिरवं झालं.

"अमोनिया. माशाच्या घाणीचं विष. काय काय केलंत ते सांगा."

सिस्टरांनी सांगितलं. ब्रश, कात्री, रविवारची धुलाई, सगळं ठणठणीत आवाजात, रिपोर्ट दिल्यासारखं. कुकरपाशी आल्यावर दुकानदारानं चष्मा काढला.

"कुकर? किती शिट्ट्या?"

"तीन."

"बाई, तुम्ही जंतू मारलेत."

"मग काय त्यांना मांडीवर घेऊन जोजवायचं होतं?"

"हो!" आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा तो माणूस पटकन बोलला. "तेच करायचं होतं. माशाची घाण खाऊन टाकणारे जंतू असतात. त्यांचं घर म्हणजे तो मळका स्पंज. ते महिनाभरात वाढतात, म्हणून थांबा म्हटलं. ते दाणे त्यांच्यासाठीच होते. तुम्ही दर रविवारी अख्खी वस्ती वाफवून काढलीत."

सिस्टर काहीतरी खरमरीत बोलणार होत्या, तोच त्यांना वॉर्ड आठवला. जबर अँटिबायोटिक झाल्यावर बऱ्या झालेल्या पेशंटला लागणारे जुलाब आठवले. पोटातले चांगले जंतूही मेले की काय होतं, हे शिकाऊ नर्सेसना त्यांनी स्वतः फळ्यावर लिहून शिकवलं होतं. दरवर्षी. छत्तीस वर्षं.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "मला हे येतं."

दुकानदारानं आपल्या सगळ्यात जुन्या टाकीत हात घालून एक स्पंज काढला. काळाकुट्ट, बुळबुळीत, तळ्याच्या गाळाचा वास येणारा. तो पिशवीत घालून म्हणाला, "न वाळवता घरी न्या. तुमच्या टाकीत पिळा आणि फिल्टरशेजारीच ठेवून द्या. रोज चौथा हिस्सा पाणी बदला, दाणे अगदी थोडे. बाकी हात पाठीमागे. आणि स्पंज पुन्हा कधी धुवायचा झालाच, तर टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलकेच पिळायचा."

त्या नितळ टाकीपुढे उभं राहून ती घाण आत पिळणं सिस्टरांना किती जड गेलं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. हातमोजे घातले. मग काढले. डोळे मिटून स्पंज पिळला. काळा ढग पाण्यात पसरला, झाडं दिसेनाशी झाली, हवालदार दिसेनासा झाला.

"झालं?" यजमानांनी विचारलं.

"झालं. आता 'देवालाच काळजी' म्हणायची पाळी आलीय माझ्यावर."

त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःहून नातीला फोन लावला. उभ्यानं, समोर बघून.

"मघाशी मी तुला खोटं सांगितलं. हवालदार आजारी आहे. चूक माझी आहे. मी त्याच्या फिल्टरचा स्पंज कुकरात शिजवला."

मागे लेक हसू दाबत असल्याचा आवाज आला. नात हसली नाही.

"किती शिट्ट्या?"

"तीन."

नातीनं विचारलं, "मग आता काय करणार?"

"आता काहीच करायचं नाहीये."

"आजी, तुला जमेल?"

प्रश्न रास्त होता. सिस्टर म्हणाल्या, "बघते."

टाकीवर त्यांनी एक कागद चिकटवला: 'हात लावू नये.' खाली स्वतःची सही केली आणि साक्षीदार म्हणून यजमानांची घेतली. रोज सकाळी मोजून पाणी बदलायचं, चार दाणे टाकायचे आणि मग खुर्ची ओढून समोर बसायचं, हात मांडीखाली दाबून. लाकडावर बुरशी आली, बसून राहिल्या. काचेवर तपकिरी धूळ आली, बसून राहिल्या. या भरात घरातल्या बाकी कामांकडे थोडं दुर्लक्ष झालं, ते यजमानांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी एक दिवस वर्तमानपत्र मुद्दाम जमिनीवर टाकून पाहिलं. ते दुपारपर्यंत तिथंच होतं. त्यांना तर जग जिंकल्यासारखं झालं.

सहाव्या दिवशी हवालदारानं एक दाणा खाल्ला. नवव्या दिवशी तो त्या जाड पानावर येऊन टेकला, दमलेला माणूस बाकावर टेकतो तसा. दोन आठवड्यांनी दुकानातल्या नळीत पाणी हिरवं न होता फिकट पिवळं राहिलं, आणि दुकानदार म्हणाला, "विष गेलं." बुरशी आपली आपण विरली. जी झाडं मेली म्हणून सिस्टरांनी मनातून सोडून दिली होती, त्यांच्या बुडातून सुईसारखी गुंडाळलेली तांबूस पानं वर आली. दर रविवारी नातीला रिपोर्ट जायचा: ताप नाही, भूक चांगली, गस्त सुरू.

आणि एका सकाळी काचेवर मोहरीएवढा ठिपका सरकताना दिसला. सिस्टरांनी भिंग लावलं. गोगलगाय! झाडांबरोबर अंड्यातून आली असणार. त्यांचा हात आपोआप चिमट्याकडे गेला. चिमटा पाण्यापर्यंत पोचलासुद्धा.

यजमान मागून म्हणाले, "गोगलगाय नि पोटात पाय. बघ हं, सांभाळून."

सिस्टरांनी चिमटा खाली ठेवला. तो पुसलासुद्धा नाही.

चार महिन्यांनी बिऱ्हाड परत आलं. नात दारातून आत आली ती थेट टाकीपाशी. झाडं आता पाण्याच्या वर डोकं काढत होती, आत हिरवा अंधार झाला होता. पोर काचेला नाक लावून उभी राहिली. हवालदार कुठेच दिसेना. तिनं मागे वळून आजीकडे पाहिलं. सिस्टरही काचेपाशी वाकल्या. सकाळी तर होता!

तेवढ्यात पानांचा पडदा हलला आणि निळी-तांबडी शेपटी मिरवत हवालदार बाहेर आला. डाव्या कल्ल्याजवळ तोच पांढरा ठिपका.

"हाच आहे," नात हळूच म्हणाली. मग तिचं लक्ष काचेच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे एक मोठी, दोन मध्यम आणि कितीतरी बारक्या. "आजी! या कुणी आणल्या?"

"आपल्या आपण आल्या."

"आणि तू काय केलंस?"

"काही नाही केलं. तेच तर सांगतेय."

नातीनं एकदा आजीकडे, एकदा गोगलगायींकडे पाहिलं. मग पाठीवरची पिशवी काढून खुर्चीवर ठेवली आणि आईला म्हणाली, "तुम्ही जा. मला उद्या न्यायला या." बाही वर सारत तिनं विचारलं, "आत हात घालू?"

"आधी धुऊन ये," सिस्टर म्हणाल्या. पोर बेसिनकडे धावली, तशा त्या मागून खच्चून ओरडल्या, "नुसत्या पाण्यानं! साबणाला हात लावशील तर बघ!"