टँकर पोहोचला न्हाई

कंपनी बघायला आलेले पाहुणे गेले तेव्हा टेबलावर अर्धवट प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या राहिल्या होत्या. मी त्या बेसिनमध्ये ओतायला निघाले. साहेब म्हणाले, "ओतू नको. रूमवर घेऊन जा. तुमच्यात चालतं."

शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. मी बाटल्या छातीशी धरल्या आणि म्हणाले, "थँक्यू सर."

खरंच म्हणाले.

त्याआधी साहेबांनी मला पाहुण्यांसमोर उभं केलं होतं. नायगावकडची आहे, नववीतून शाळा सुटलेली, आता आमच्याकडे पगार घेऊन डिग्री करते. बोल गं. मी बोलले. बोलताना एक 'न्हाई' निसटलं. साहेबांनी तिथंच थांबवलं. "न्हाई काय? नाही. परत म्हण." मी परत म्हटलं. टाळ्या पडल्या.

तेव्हापासून मी न्हाई म्हणायचं सोडलं. नाहीसुद्धा. नुसतं हो सर.

उपकारच वाटायचे. दुष्काळात शाळा सुटली होती, आईबरोबर वीटभट्टीवर गेले होते. पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी केली. मग या कॉम्प्युटरच्या डिग्रीला प्रवेश मिळाला. काही दिवस कंपनीत काम, काही दिवस वर्ग, कामाचा पगार. घरापासून लांब, लातुरात, मला बसायला खुर्ची होती. ती जाईल या धास्तीनं मी डबासुद्धा तिच्यावरच बसून खायची.

त्या वर्षी शहराला रेल्वेनं पाणी येत होतं. नवा जिल्हा होणार म्हणून चौकाचौकात फलक लागले होते. जिल्हा झाला की तिथलंही काम आपलंच, असं साहेब सांगायचे. काम म्हणजे वस्त्यांवर पाणी नेणाऱ्या सरकारी टँकरवर नजर ठेवायची. पडद्यावर नकाशा, नकाशावर लाल ठिपके. टँकर वस्तीवर रिकामा झाला की ड्रायव्हरचा फोन यायचा. मी 'पोहोचला' दाबायची. ठिपका हिरवा व्हायचा.

एका दुपारी चाकूरकडचा ठिपका वाटेतच थांबला. वस्तीच्या अलीकडं, एका फार्महाऊसजवळ. हलेचना. मी ड्रायव्हर रशीदमामूंना फोन लावला. मागून पाणी पडल्याचा आवाज येत होता. मामू म्हणाले, "बेटी, मेरेकू मत पूछ. साहब कू पूछ."

साहेब माझ्या मागंच उभे होते. "पोहोचला कर."

माझं बोट तिथवर गेलं. आणि आईचा फोन आठवला. आमच्या वस्तीवर बायका दिवसभर घागरी मांडून बसल्या होत्या, टँकर फिरकलाच नाही. विचारायला गेल्या तर उत्तर मिळालं, येऊन गेला की, कॉम्प्युटरवर दिसतंय. आई म्हणाली होती, "बाई, कॉम्प्युटर खोटं बोलतंय का गं? तू शिकून राहिली म्हणून इचारते." तेव्हा मी हसले होते.

आता कळलं. कॉम्प्युटर नाही. तिकडंही अशाच खुर्चीत कुणीतरी बसलंय. खुर्ची जाईल म्हणून भ्यालेलं. हो सर म्हणणारं.

साहेब कानाशी वाकले. आवाज अगदी मऊ. "डिग्रीच्या कागदावर सही माझी लागते. माहितीय ना?"

माहीत होतं. त्या सहीसाठीच तर बाटल्या उचलल्या होत्या. तरी मी उठले.

"न्हाई सर. टँकर पोहोचला न्हाई."

शेजारचा एकजण खिदळला, "नाही म्हण, नाही."

"न्हाई."

पुन्हा कुणी हसलं न्हाई. साहेबांनी माऊस ओढला आणि स्वतः दाबलं. ठिपका हिरवा झाला. वस्ती तशीच कोरडी.

मग ते एवढंच म्हणाले, "उद्या बघू तुझं."

त्या उद्याला मी त्यांच्यासमोर गेलेच न्हाई. चाकूरची एसटी धरली. त्या कोरड्या वस्तीवरच्या बायकांना सांगितलं, घागरी उचला, तहसीलवर चला. ठिपका कुठं थांबला होता ते मी सांगते, माझ्या तोंडानं, माझ्या बोलीत.

सही अडवा, सर. दुसरीकडं काम धरीन, पहिल्यापासून शिकीन. शाळा एकदा सुटली माझी. आता मी काहीच सोडणार न्हाई. तुम्हालाबी न्हाई.