नवे पत्रे, तरी खाली बादली

घरांवर पत्रे टाकण्याच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत. पाऊस पडला की लोकच फोन करून ऐकवतात, वर शिव्याही देतात! मी आणि माझा पार्टनर दत्ता चिखली भागात ही कामं करतो. पूर्वी टपरीवर हे किस्से सांगताना मजा यायची. आता तेवढी येत नाही.

*

दोन भावांचं एकच छप्पर, मधे भिंत. थोरला म्हणाला, "पाणी माझ्या बाजूला न्हाई पडलं पायजे." धाकट्याचंही तेच. शेवटी भांडण नको म्हणून ढाळच दिला नाही, पत्रे सपाट टाकले. पाणी वर साचलं आणि सांध्यांतून दोन्ही घरांत उतरलं. थोरला धाकट्याकडे डोकावून आला. "त्याच्याकडं बी गळतंय ना? मग ऱ्हाऊ द्या!"

*

दत्ता आधी चाकणला एका कंपनीत नट आवळायचा. आमच्या स्क्रूखाली रबरी वॉशर असतो. जास्त आवळला की तो चिरतो आणि तिथूनच गळतं. दत्ताला हे माहीत आहे, तरी तो आवळतच राहतो. एकदा मी जाम चिडलो.

"भावा, एक नट लूज राहिला म्हणून काढलं मला तिथून," तो म्हणाला. "आता हात थांबंना."



*

एका बाईंचं नवं छप्पर चांगलं कोरडं होतं, अचानक गळायला लागलं. जाऊन पाहिलं, तर घराला दृष्ट लागू नये म्हणून काळी बाहुली टांगलेली, तीही पत्र्यातून खिळा ठोकून! बाई म्हणाल्या, "बघा ना, बाहुली होती तरी दृष्ट लागलीच!"

*

सांगवीच्या एका काकांनी रिटायर झाल्यावर गच्चीवर मुलासाठी खोली बांधली. मुलगा आणि सून आयटी पार्कजवळ माणला भाड्याने राहतात. खोली झाली की येतो, असं मुलगा म्हणाला होता. पत्रे आम्हीच टाकले आणि ते गळले. "गळतंय तोवर कसं येणार?" मुलगा म्हणाला.

काकांचे सारखे फोन. "लवकर करा हो, पोरगं तेवढ्यासाठी अडकलंय."

भिंत आणि पत्र्याच्या मधे फट सापडली. दत्ताने ती बुजवली, पाइपने वर पाणी मारलं. आत थेंब नाही! काकांनी आमच्यासमोरच स्पीकरवर मुलाला फोन लावला.

"अरे, गळायचं थांबलं! कधी येताय?"

मुलगा म्हणाला, "बघू बाबा. सध्या ऑफिसात फार गडबड आहे."

काका फोन खिशात टाकून खाली गेले. काकू चहाचे कप उचलत होत्या. जिन्याकडे एकदा बघून त्यांनी हळूच विचारलं,

"दत्ताभाऊ, ती फट पुन्हा उघडता येईल का हो?"